इमिजिएटली मास्तर

सुनेची साडी गुडघ्यापर्यंत रक्ताने भिजली होती आणि माझा नवरा लेकीच्या बसची वाट पाहत होता. सातव्या महिन्यातली सून ओटी भरल्याशिवाय आमच्या घरातून गावाबाहेर जात नसे, आणि ओटी नणंदेनेच भरायची. लेक वारासिवनीहून निघाली होती. मुलगा उकव्याला खाणीत ड्युटीवर. नर्सबाई बजावून गेली होती, बालाघाटला न्या, इमिजिएटली. शेजारचे मास्तर दारात येऊन तेच म्हणाले, आणि नवरा हसला.

त्या शब्दाला गावच हसायचे. मास्तरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवली. रिटायर झाले, पण हा शब्द सुटला नाही. चहा इमिजिएटली, मीठ इमिजिएटली, रस्त्यातली म्हैससुद्धा इमिजिएटली हटली पाहिजे. पोरांना अर्थ सांगायचे, "आपल्या लामत्यात 'आत्ता' म्हणजे जेवून, पान खाऊन. इमिजिएटली म्हणजे तोंडात घास असला तरी उठाचं." पोरे हौ म्हणत आणि बसून राहत. त्यांची बायको म्हणायची, "अन् स्वतः आंघोळीले बारा वाजवता."

नवरा म्हणाला, "मास्तर, तुमचं तं मिठालेही इमिजिएटलीच असते. बस येऊनच राह्यली."

मास्तरांचा चेहरा उतरला. मग ते चपलांसकट आतल्या खोलीत शिरले. तिथे तोवर परका पुरुष आला नव्हता. त्यांनी खाटेचे एक टोक धरले आणि मला म्हणाले, "वहिनी, पोरगी मरून राह्यली. तिकून उचला."

मी उचलले. नवरा ओरडत मागे आला, पण मास्तरांनी आणलेल्या ऑटोत बसला. ओटीचे तांदूळ सुपातच राहिले. बालाघाटपर्यंत मास्तर ड्रायव्हरला एवढेच म्हणत होते, "चाल बाबा, चाल."

त्यानंतर मास्तरांनी चहासाठी तो शब्द कधी वापरला नाही. "झाला की दे," म्हणायचे. त्यांची बायको माझ्याकडे येऊन रडायची, म्हणायची, आता चहा थंड झाला तरी बोलत नाहीत. ते गेल्या उन्हाळ्यात वारले. नवरा खांदा द्यायला सगळ्यांच्या आधी जाऊन उभा होता.

त्या दिवशी आम्ही बालाघाटला पोहोचलो तेव्हा बाळ पोटातच गेले होते. सून वाचली.