चष्म्यातला सायकलवाला

“उतर, खाली उतर!” आमच्या शेजारचे आबा परंदवडीच्या समाजमंदिरात असे ओरडले, की तिकडं भुशी धरणावरची माकडं झाडावरून पडली असतील, आणि नसतील पडली तर त्यांना ऐकूच येत नसणार. परवा भाच्यानं खेळायला, डोळ्यांपुढं खोटं जग उभं करणारा तसलाच चष्मा घरी आणला आणि ती आरोळी माझ्या कानात पुन्हा उठली. सायकलवाल्यांना रस्त्यावर कितपत सुरक्षित वाटतं हे तपासायला, आबा ओरडले त्या दिवशी, पुण्याच्या कॉलेजातली एक मुलगी आली होती. जागच्या जागी फिरणारी सायकल, डोळ्यांवर बैलाच्या मुसक्याएवढा चष्मा आणि त्यात आमचाच हायवे, अगदी हुबेहूब. मी त्यात तीन ट्रक मागं टाकले, असं अजून सगळ्यांना सांगतो. आबा बसले तेव्हा त्यांच्या पुढं कॉम्प्युटरनं काढलेला एक सायकलवाला चालला होता, आणि मागून ट्रक आला. सायकलनं कंपनीत जाणाऱ्यांची आमच्याकडं एक रीत आहे: मागच्याला ट्रकचा आवाज आला की त्यानं ओरडायचं आणि दोघांनीही कडेच्या मातीत उतरायचं. त्याच्या वर्षभर आधी खऱ्या हायवेवर आबांची आरोळी उशिरा निघाली होती, आणि पुढं चाललेला त्यांचा धाकटा भाऊ जागीच गेला होता. चष्मा काढला तेव्हा आबा घामानं निथळत होते. मुलीनं पाणी दिलं आणि हळूच विचारलं, “काका, पाच म्हणजे एकदम सुरक्षित. तुम्ही पाचपैकी किती द्याल?” मला वाटलं, आता आबा रस्त्याचे वाभाडे काढणार. आबा म्हणाले, “पाच लिवा. ह्यातला वाचला.”