साडूभाऊंची लाल गाडी

आमच्या साडूभाऊंइतका सुखी माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि या एका गोष्टीसाठी मी वर्षानुवर्षं त्यांच्यावर मनातल्या मनात जळत होतो. जळायला कारणं पुष्कळ होती. ते खामगावला कापसाच्या जिनिंगचे मालक, मी बुलढाण्याला हायस्कुलात भूगोलाचा मास्तर. ते सहा फूट उंच आणि त्या मानाने रुंद. मी वर्गात शिरलो तरी मागच्या बाकांना ते कळायला वेळ लागायचा. माझी बायको थोरली, त्यांची धाकटी, म्हणजे मानाने मी मोठा. पण पिंपळगाव राजाला सासुरवाडीच्या दारात आम्ही दोघे एकदम उभे राहिलो, तर पाय धुवायचं पाणी आधी कुणापुढे येत असे ते सांगायला नको. शिवाय ते आमच्याकडे जेवायला आले की वांग्याच्या भाजीची अशी तारीफ करत की ती शेजाऱ्यांनाही ऐकू जाई. "हे काई भाजी नाही ताई, जादू आहे जादू!" तीच भाजी मी बारा वर्षं मुकाट्याने खात होतो. मुकाट्याने खाणं हीच माझी तारीफ, हे बायकोला काही केल्या पटलं नाही.

साडूभाऊंना कुठलीही वस्तू एका झटक्यात घेता येत नसे. एकदा चपला घ्यायला म्हणून गेले आणि एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात बूट घालून सबंध गुरुवारचा बाजार फिरून आले. दुकानदार मागून हाका मारतोय आणि हे ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून विचारताहेत, "कोणता पाय खूश दिसून राह्यला?" कलिंगड घ्यायचं तर ढिगातल्या प्रत्येक कलिंगडाला कान लावायचे. नुसतं कलिंगडच नव्हे, भिंतीवरचं घड्याळ, जिनातली यंत्रं, लग्नातली बाजाची पेटी, सगळ्यांना ते कान लावत. एकदा अंगणात माझ्या सायकलपाशी उकिडवे बसले, मागचं चाक फिरवलं, डोळे मिटून ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, हे सायकल रडून राह्यली." मी हसण्यावारी नेलं. आठ दिवसांत चाकाचं बेअरिंग गेलं. त्याचाही मला रागच आला.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. साडूभाऊंनी कधीकाळी एका छोट्या गाडीसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, चपळ. कॉलेजातल्या पोरांनी चित्रं कापून ठेवावीत अशी. तिचा नंबर लागल्याचं पत्र आलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात अकोल्याचा एक म्हातारा गिरणीवाला आपली विलायती मोटार विकायला निघाला. ती लांब, काळीभोर, मागे पडदे लावलेली. जुनी असूनही किंमत छोटीच्या दुप्पट, आणि रुबाब दहापट. पंधरा दिवसांत होय-नाही कळवायचं होतं. साडूभाऊंचं जेवण कमी झालं. म्हणजे पोळ्या आठाच्या सहा झाल्या.

पहिल्या रविवारी ते काळी मोटार पारखायला म्हणून मागून घेऊन आमच्या दारी आले. दारी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, कारण गाडी आत मावेना. सगळी गल्ली बाहेर आली. गॅझेटेड ऑफिसर असलेले शेजारीसुद्धा बंडीवर बाहेर येऊन उभे राहिले. साडूभाऊंनी मागचं दार उघडून माझ्या बायकोला आत बसवलं आणि चिखलीच्या रस्त्याने फिरवून आणलं. मी "पेपर तपासायचे आहेत" म्हणून घरीच थांबलो. पेपर नव्हतेच. तासाभराने ती परत आली. खाटेवर बसली, इकडेतिकडे दाबून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, या खाटेची सुतळी एकदा आवळून घ्यायला पाहिजे." त्यापेक्षा तिने मोटारीचं कौतुक केलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या रविवारी ते खामगावच्या एका डॉक्टरमित्राची लाल छोटी गाडी मागून घेऊन आले. त्यांना तिच्यातून उतरताना पाहणं हा एक सोहळा होता. आधी एक पाय, मग एक हात, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम सगळे साडूभाऊ. या वेळी मी बसलो. आम्ही राजूर घाट उतरून मोताळ्याकडे गेलो. साडूभाऊंचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना, डोकं टपाला टेकलेलं, आणि प्रत्येक वळणावर माणूस मोठ्याने हसतोय. मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. घाट संपला तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली, कपाळ पुसलं आणि एकदम विचारलं, "सांगा मास्तर. तुम्ही सांगान थेच घेतो."

आता खरं सांगतो. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे गाडी नव्हतीच, खाटेवर बसलेली माझी बायको होती. काळी मोटार आली तर ती दर सणाला पिंपळगावच्या दाराशी उभी राहणार, आणि आम्ही एस.टी.तून धूळ झटकत उतरणार. शिवाय हा हत्ती या डबीत बसून खामगावच्या पेठेतून जाताना कसा दिसेल, तेही दिसत होतं. मी तोंड जमेल तेवढं सरळ ठेवलं.

"छोटीच घ्या," मी म्हणालो. "तुम्हाला शोभते."

साडूभाऊंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं. "बोलले! संपलं!" आणि त्याच संध्याकाळी त्यांनी होकाराचं पत्र टाकलं.

गाडी आली आणि मला हवं होतं ते सगळं झालं. मेहुणी दोन दिवस रडली. साडूभाऊंचे वडील महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. कापूस बाजारात कुणीतरी म्हणालं, "शेठ, गाडीत बसून राह्यले का गाडी घालून राह्यले?" ते वाक्य बोथ्याचा घाट चढून बुलढाण्यापर्यंत आलं, आणि मी ते स्टाफरूममध्ये तीनदा सांगितलं. माझं सुख जेमतेम पंधरा दिवस टिकलं. कारण साडूभाऊ स्वतःच ते वाक्य भेटेल त्याला सांगून पोट धरून हसत होते. ते आणखी सुखी झाले होते, आणि तेही माझ्या सल्ल्याने!

पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पिंपळगावला असताना सासरे कडब्याच्या गंजीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. जरा हलवलं की म्हातारा माणूस लेकरासारखा ओरडे. अकोल्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेणं भाग होतं. निरोप जाताच साडूभाऊ खामगावहून गाडी घेऊन आले. पण दोन दारांच्या त्या चिमुकल्या गाडीत न वाकणारा माणूस घालायचा कसा? सगळे गाडीभोवती उभे राहिले. माझा मेहुणा हळूच म्हणाला, "थे मोठी घेतली असती, त मांगच्या सीटवर आडवे झाले असते बाबा."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. तरी माझे कान तापले.

साडूभाऊंनी डिकीतून पाना काढला, उन्हात गुडघ्यांवर बसून पुढचं डावं सीट खोलून काढलं आणि ओसरीवर ठेवलं. त्या जागेपासून मागच्या सीटपर्यंत पोती आणि गादी रचली. चौघांनी मिळून सासऱ्यांना आत सरकवलं. पाय पुढे, डोकं मागे माझ्या मांडीवर. आणि राजूर घाटात हसत सुटणारा तो माणूस अकोल्यापर्यंत बैलगाडीच्या चालीने गेला. दर खड्ड्याच्या आधी सांगायचा, "मामाजी, खड्डा आला. धरा मास्तरचा हात." सासरे माझा हात धरत, आवळत, कण्हत. अकोला येईतो माझ्या मनगटावर त्यांची बोटं उमटली होती.

दवाखान्यात त्यांना आत नेल्यावर आम्ही दोघे व्हरांड्यात चहा घेत बसलो. मला राहवलं नाही.

"साडूभाऊ, छोटी घ्या म्हणून मी सांगितलं, ते तुमच्या भल्यासाठी नव्हतं."

"मग?"

"तुम्ही मोठ्या गाडीत बसलेलं मला पाहवलं नसतं."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "मालूम आहे मले."

"मालूम होतं?"

"हाव. काळी गाडी तुमच्या गल्लीत आणली त्या रोजी तुमचं तोंड कारल्यावानी झालं होतं."

"मग माझं ऐकलं कशाला?"

"माहे बाबा म्हणे मोठी घे. बायको म्हणे मोठी. मुनीम म्हणे मोठीच शोभते. अन् माह्या मनात लाल भरली होती. आता चाळीस वर्षाच्या माणसानं हे कोणाले सांगाव? एकानं तरी तिचं नाव घ्याव, म्हणून वाट पाहून राह्यलो होतो. तुम्ही घेतलं. काऊन घेतलं, थे तुमचं तुम्ही पाहा."

"पण आज मामाजींचे हाल झाले."

"झाले," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "थे माह्यावर. गाडी मी घेतली."

सासरे बरे झाले, काठी टेकत पुढे सात वर्षं चालले. माझं जळणं काही थांबलं नाही. उलट आता त्यांच्या मनाच्या मोठेपणावरही जळायला लागलो. पण त्यानंतर दर रविवारी दाराशी हॉर्न वाजला की मी पेपरांचं निमित्त सांगितलं नाही. पुन्हा बसवलेल्या त्या डाव्या सीटवर बसून मी सगळा जिल्हा पाहिला. दुसरबीडला भजी खाल्ली, रोहिणखेडला मशिदीसमोरच्या झाडाखाली झोपा काढल्या. "घ्या, चालवा," ते म्हणायचे. मी कधी शिकलो नाही.

ते गेले त्या वर्षी मेहुणीने गाडी आमच्याकडे पाठवून दिली. "ताईकडे राहू द्या," एवढाच निरोप. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारापुढे मोटार उभी होती. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले, एखाददुसरा जळलाही असेल. ती घेऊन आलेला ड्रायव्हर बेताच्या उंचीचा होता. उतरल्यावर म्हणाला, "मास्तर, हे उजवं सीट लई मांगं आहे. पाय पुरत नाही. पुढं सरकवून देऊ का?"

मी डावीकडचं दार उघडून आत बसलो होतो.

"नको," मी म्हणालो. "राहू दे तसंच."