उंबरठ्यावरची चायना डॉक्टर

आमची चायना डॉक्टर कधी खुर्चीत बसली नाही. आत येणार नाही, बाहेरही जाणार नाही. फोन हातात घेऊन नेमकी उंबरठ्यावर उभी. "उंबऱ्यावर उभं राहू न्हाई गं, पोरी," माझी बायको ओरडायची. लातुरात आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या शिंपीचाचांची ही मुलगी. महामारीत चीनहून परतली, डॉक्टरी अर्धवट राहिली, आणि कॉलेज काही परत बोलवेना.

मी दारं-खिडक्यांचा व्यापारी. हातगाडीवर बिजागऱ्या विकून दुकान उभं केलं. चीनचा माल मुंबईच्या दलालामार्फत यायचा. कॉलवर तो कारखानदाराशी चिनीत बोलायचा, दोघं माझ्याकडे बघून हसायचे, आणि मला मिळायच्या वाकड्या चौकटी. चौकटींपेक्षा ते हसणं झोंबलं. अजून झोंबतं.

मी तिला म्हटलं, "घराचे चिनी शब्द शिकव. भाडं कमी करतो."

"भाडं राहू द्या काका. मीच चिनी विसरत चालले. कोणाशी तरी बोलायला पाहिजे."

सौदा न करणाऱ्या माणसाचा मला रागच येतो. तरी शिकायला लागलो.

"बसून येत न्हाई. उठा!" भिंतीवर थाप मारून ती म्हणायची, "छ्यांग." खिडकी उघडून, "छ्वांगहू." स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी. "छूफांग म्हणा, मग चहा."

"माझ्याच घरात मला बंदी?" मी भडकलो.

"मला तरी माझ्या कॉलेजात कोण येऊ देतंय?"

मी मुकाट्यानं छूफांग म्हणालो.

उंबरठा म्हणजे मनखान. "तिथल्या म्हाताऱ्याबी वरडतात काकू, मनखानवर पाय देऊ नको म्हणून."

"शहाण्या हायत," बायको म्हणाली.

पुढच्या व्हिडिओ कॉलला ती माझ्या मागे उभी होती. कारखानदारानं चौकट दाखवली. "जाड आहे शेठ," दलाल म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. कारखानदारालाच ठणकावलं, "मनख्वांग थाय पाओ!" चौकट फार पातळ आहे. कोणी हसलं नाही. मी ऐटीत मागे वळलो, तर ती जिन्यावरून पळत वर निघाली होती, फोन कानाला लावून. कॉलेजनं बोलावलं होतं.

चीनला निघाली त्या दिवशी उंबरठ्यावर थांबली नाही. एका ढांगेत पार.

"भाव करायचे शब्द राहिले की!" मी चिडून म्हणालो.

"फोनवर शिकवते काका. पण उभं राहून."

आता तिच्या फोनची वेळ झाली की मला बसवत नाही. घरात येरझाऱ्या घालतो, शेवटी दारात जाऊन उभा राहतो. आतून बायको ओरडते,

"अहो, मनखान!"