देवीचा खण आणि विमानाचं कापड

वळसंगला, आमच्या गावी, मेंढरं होती तोवर आमचं बरं चाललं होतं. एका कोरड्या साली चारा संपला, पाठोपाठ रोग आला, आणि कळप गेल्यावर बापानं सोलापूरची वाट धरली. भवानी पेठेत पत्र्याची खोली घेतली. बाप मिलमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा आणि आई रीलिंगमध्ये सूत गुंडाळायची. तिच्या केसांतला कापूस भाकरीच्या पिठात पडायचा. आम्ही पोरं तो घासातून काढत जेवायचो.

मी शिकलो. बोर्डिंगात राहून, पुण्यात शिकवण्या करून बी.एस्सी. झालो. माझ्याआधी आमच्या घरात कुणाला सहीसुद्धा येत नव्हती, हे मी मान वर करून सांगतो. त्याच मिलमध्ये नोकरी धरली तेव्हा बाप म्हणाला, "एवडं शिकून पुन्हा तितंच? निदान आत तरी सायबाच्या दारातनं जा की!"

पुढं मी साळखात्याचा, म्हणजे विणकामाचा प्रमुख झालो. गोरा मॅनेजर आजारी पडून विलायतेला गेला, त्याच सुमारास लष्कराचं काम आलं: विमानाच्या पंखांवर ताणून बसवायचं कापड. त्यावर एक गाठ नको, एक डाग नको. मिलचे मालक शेठ मला म्हणाले, "तोवर तुम्ही कारभार बघा. कापड पास झालं तर मॅनेजरची खुर्ची तुमची. नाही तर दुसरा साहेब मागवतो."

लष्कराचा तपासनीस आला. पहिला ताका उलगडला, तर सुरुवातीलाच हळदकुंकवाची बोटं! नव्या ताक्याला ती लावायची आमच्या विणकरांची रीतच होती. त्यानं ताका तसाच बाजूला सारला. पुढच्या फेरीला एक जरी डाग दिसला तर काम दुसरीकडं जाईल, असं सांगून तो निघून गेला.

शेठ भडकले. "जॉबरला काढा. सगळ्या खात्याला दंड करा."

मी म्हणालो, "दंड केला तर बोटं लपून उठतील, थांबणार नाहीत."

"मग तुम्ही काय करणार? आरती?"

मला एवढं कळत होतं, की नुसत्या हुकमानं माणसं ऐकल्यासारखं करतात, आणि तेवढ्यावर मिल चालत नाही. आमच्यातही वर्षातल्या पहिल्या कोकराला भंडारा लावल्याशिवाय कळप हलत नसे. बापाला कुणी तो लावू नको म्हटलं असतं, तर त्यानं ऐकलं असतं का?

मी साच्यांमध्ये, म्हणजे मागांमध्ये, गेलो. साचेवाल्यांवर देखरेख करणारे आमचे जॉबर तेलुगू विणकर, वयानं बापाएवढे. त्यांना म्हणालो, "मामा, साध्या धोतराला कुंकू लावता, ते खपून जातं. हे विमानाचं आहे हो."

"म्हणून तर साहेब! हे आभाळात जाणार, देवाच्या दारावरनं. तिथं बिनकुंकवाचं कसं पाठवायचं?"

साचेवाले हसले. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच सुचलं.

"मग असं करू. ताका विणायला घेतला की पहिलं हातभर कापड देवीचं. त्याला हळदकुंकू लावा, कापून घ्या, तिला खण म्हणून वाहा. त्याच्या पुढचं विमानाचं. त्याला बोट लावायचं नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "पांढरा खण? देवी रागावंल की!"

"हळदीत बुडवून वाहू," जॉबर म्हणाले. "पिवळा झाला की झालं. आणि साहेब, पहिला खण तुम्ही वाहायचा."

मी वाहिला. शेठना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तपासनीस काय म्हणतो बघू."

पुढच्या फेरीला तपासनीसानं एकेक ताका उजेडासमोर धरून पाहिला. चहा आला तो तसाच गार झाला. शेवटी त्यानं शिक्का मागितला आणि सगळ्या ताक्यांवर मारला.

पुढच्या महिन्यात माझी नेमणूक कायम झाली. त्या मिलचा मॅनेजर झालेला मी पहिला हिंदुस्थानी माणूस.