खुर्चीची पाचर

माझ्या थोरल्या भावाला मी आयुष्यात एकदाच फसवलं, आणि ते फसवणं दोन महिने चाललं. माझा हेतू चांगला होता, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हेतूचं काय लोणचं घालायचंय?"

आमचं केस कापायचं दुकान वडिलांनी सुरू केलं. दोन खुर्च्या, दोन आरसे, भिंतीला टेकून एक बाक आणि रस्त्याच्या बाजूला काचेचं दार. दाराजवळची लोखंडी खुर्ची दादाची, आतली माझी. दादाची खुर्ची मुळात फिरणारी. पण वडिलांचा नियम होता की बसणारा स्थिर हवा आणि कापणारा फिरता. शिवाय गिऱ्हाइकांबरोबर आलेली पोरं खुर्चीवर गरागरा फिरायची. म्हणून दादानंच कधीतरी खाली लाकडाची पाचर ठोकली आणि ती खुर्ची कायमची आरशाकडे तोंड करून बसली. दादा उजव्या कानापासून सुरुवात करायचा आणि मानेवरून वळसा घालून डाव्या कानाशी थांबायचा. पंचवीस वर्षं हाच रस्ता. तोंडानं गप्पा चालू, हात आपला चालूच.

आणि जीभ तिखट. केस पातळ झालेले एक गृहस्थ दर महिन्याला येऊन "जरा स्टाईलमध्ये काप" म्हणायचे. दादा म्हणायचा, "आहेत तेवढे नीट विंचरू द्या, स्टाईल पुढच्या जन्मी." तरी ते गृहस्थ दुसरीकडे जायचे नाहीत.

मग एका सकाळी दाढीचा ब्रश धुताना दादा बेसिनपाशीच खाली बसला. मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता. अडीच महिन्यांत तो चालायला लागला, डावा हातही हलायला लागला, थोडा आळशी झाला इतकंच. बोलणं तर जसंच्या तसं. आमचा जीव भांड्यात पडला. खरी भानगड निराळीच होती आणि ती आधी वहिनींच्या लक्षात आली.

"आज भाजी केलीच नाहीस का?" दादानं जेवताना विचारलं. भाजी ताटात डावीकडे होती. वहिनींनी ताट अर्धं फिरवलं.

"ही कुठून आली?"

"तिथंच होती."

दादाला वाटलं, बायको थट्टा करतेय. दाढी करून आला तर गालाची उजवी बाजू गुळगुळीत, डावी बाजू कालच्यासारखीच. सदऱ्याची डावी बाही लोंबत असायची. डॉक्टरांनी समजावलं की डोळे ठणठणीत आहेत, पण डावीकडे काही आहे हेच त्याच्या मेंदूला सुचत नाही. आणि सुचत नाही हेही त्याला कळत नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी घरभर डाव्या कडांना लाल पट्ट्या चिकटवल्या. "पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची," त्या म्हणायच्या. "आणि ताट त्यांचं त्यांना फिरवू द्या हं, तुम्ही फिरवू नका." वहिनी हो म्हणायच्या आणि फिरवायच्या. समोरचा माणूस अर्धपोटी उठताना बघवत नाही.

चौथ्या महिन्यात दादा दुकानात यायचा हट्ट धरून बसला. कात्री हातात नसली की तो माणूस राहायचा नाही, उगाच घरातल्या वस्तूंसारखा एका कोपऱ्यात पडून असायचा. बाईंनी सांगितलं होतं की कात्री आणि कंगवा चालेल, वस्तरा इतक्यात नको, आणि कुणीतरी लक्ष ठेवा. लक्ष ठेवणारा कोण, तर मी.

पहिलं गिऱ्हाईक मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, दादाकडेच केस कापणारे. दादानं उजव्या कानापासून सुरुवात केली, तोच जुना सफाईदार हात, कंगवा उचलतोय, कात्री वाजतेय. मानेच्या मध्यावर आल्यावर तो थांबला, ब्रशनं मान झाडली आणि अंगावरचं कापड झटकून म्हणाला, "झालं मास्तर."

मास्तरांची उजवी बाजू नव्या नवरदेवाची आणि डावी महिनाभर आजारी असलेल्या माणसाची. त्यांनी आरशात पाहिलं. मग आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. मी दादाच्या पाठीमागे उभा राहून हात जोडले.

"कसं झालंय?" दादानं विचारलं.

"झकास," मास्तर म्हणाले.

मी मागोमाग बाहेर धावलो. रस्त्यापलीकडे दुसरं दुकान आहे. त्याच्या मालकाला आम्ही समोरचा म्हणतो, तोही आम्हाला समोरचे म्हणतो. दादाच्याच वयाचा, दादाइतकाच तोंडाळ. धंद्यात दोघांची चुरस होती, पण सुट्टीच्या दिवशी दोघं एकमेकांचे केस कापायचे. आपलं डोकं आपल्याला कापता येत नाही, आणि ऐऱ्यागैऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हा दोघांचा ताठा. त्यानं मास्तरांना बसवलं आणि उरलेली बाजू पुरी केली.

"आणि हे किती दिवस?" त्यानं मला विचारलं.

"सुधारेल हळूहळू."

"त्याला सांग."

"आत्ता सांगितलं तर तो खचेल."

"तू तुझ्या भावाला ओळखत नाहीस," समोरचा म्हणाला. मला राग आला. माझ्या भावाला मी ओळखत नाही आणि हा ओळखतो.

पण त्या दिवसापासून पद्धतच पडून गेली. पोस्टमन, औषधाच्या दुकानाचे मालक, ट्रक चालवणारा एक दांडगा गडी, सगळे दादाकडून अर्धे होऊन झकास म्हणायचे आणि रस्ता ओलांडायचे. कुणी टोपी घालून जायचा, कुणी डाव्या बाजूला वर्तमानपत्र धरून. ट्रकवाला तर म्हणाला, "माझी एक बाजू दुकानात, एक बाजू रस्त्यापलीकडे, बायको विचारते नक्की जाता कुठं." आम्ही हसायचो. सगळ्यांना वाटायचं आपण फार चांगलं काम करतोय. मला तर जरा जास्तच वाटायचं.

समोरच्याचे स्वतःचे केस मात्र वाढत चालले होते. मानेवर आले, कानांवर आले. मी चेष्टेनं म्हटलं, "या वयात हे काय नवीन खूळ?" त्यानं केस कानामागे सारले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बसवलं.

आमच्या गोड कारभाराचं पितळ उघडं पडलं ते दादाच्या सुधारण्यामुळे. बाईंनी दुकानातही लाल पट्टी लावली होती, काचेच्या दाराच्या डाव्या कडेला. दर गिऱ्हाइकानंतर ती शोधायची असा दादाचा अभ्यास. एका सकाळी पोस्टमनचं "झकास" झाल्यावर दादा दारापाशी गेला आणि मान वळवू लागला. पट्टी सापडली. खूश होऊन त्यानं मान आणखी थोडी वळवली. काचेतून रस्ता दिसला, रस्त्यापलीकडची काच दिसली, आणि त्या काचेमागे खुर्चीत बसलेला पोस्टमन दिसला. समोरचा त्याची डावी बाजू कापत होता.

दादानं मला विचारलं, "किती जण?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "सगळेच," मी म्हणालो.

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लहानपणापासून तो माझी बिनपाण्यानं करत आलाय, मला त्याची सवय आहे. पण त्यानं अंगातला एप्रन काढला आणि त्याची घडी घालायला लागला. डावी बाजू लोंबत राहिली, त्याला ती सापडली नाही.

"मला जे दिसत नाही, ते दिसत नाही हे मला कसं कळणार?" तो म्हणाला. "कुणीतरी सांगितलं तरच ना? आणि सांगणार कोण, तर तू. तू पाठीमागे उभा राहून हात जोडत होतास."

"दादा, मला वाटलं..."

"दुकान तू चालव. मी आता कात्रीला हात लावणार नाही."

तो घरी गेला तो गेलाच. तीन आठवडे खिडकीशी बसून राहिला. अभ्यास बंद, लाल पट्ट्या बंद, बाई आल्या की डोळे मिटून घ्यायचा. जेवायला बसला की उजवीकडचं खाऊन ताट सारायचा. वहिनींनी फिरवलं तर म्हणायचा, "राहू दे, माझं झालं." मी रोज दुपारी दुकान बंद करून तिथंच जेवायला जायचो. तो माझ्या उजव्या हाताला बसायचा, म्हणजे मी त्याच्या डावीकडे. मी आहे की नाही हे त्याला कळायचं नाही, की कळून तो वळायचा नाही, ते मला सांगता येत नाही. मला मात्र रोज रडू यायचं आणि मी ते घासाबरोबर गिळायचो.

एका दुपारी वहिनींचा संयम सुटला. "आजपासून मी ताट फिरवणार नाही," त्या म्हणाल्या. "मी फिरवत राहिले हीच माझी चूक झाली. अर्धं खायचं तर अर्धं खा. पण अन्न डावीकडे आहे हे मी रोज सांगणार. खोटं सांगणारा एक आहे घरात, तेवढा पुरे." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी मान खाली घातली.

दादानं उजव्या हातानं ताटाची कड धरली आणि ते फिरवलं. भाजी समोर आली. त्यानं ती खाल्ली नाही. पुन्हा ताट फिरवलं, भाजी गेली. पुन्हा फिरवलं, आली. वहिनी आणि मी एकमेकांकडे बघू लागलो.

"माझ्या खुर्चीखाली पाचर आहे ना अजून?" त्यानं विचारलं.

"आहे."

"दुकान उघड."

हात न धुताच तो निघाला होता, वहिनींनी धुवायला लावले.

पाचर इतकी वर्षं बसून लाकूड आणि लोखंड एकजीव झालं होतं. मी गुडघ्यांवर बसून हातोडी मारत होतो आणि दादा वर उभा राहून माझ्या हातोडी धरण्याला नावं ठेवत होता. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पाचर निघाली. तेल सोडलं. खुर्ची एकदा करकरली आणि फिरली.

दादा खुर्चीच्या मागे उभा राहिला. रिकाम्या पाठीच्या उजव्या बाजूवर हात ठेवला. मग खुर्ची अर्धी फिरवून तोंड स्वतःकडे आणलं. जी बाजू डावीकडे हरवत होती ती आता त्याच्या उजव्या हाताशी होती. त्यानं तिथं हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"बसणारा फिरता," तो म्हणाला. "वडील असते तर कानाखाली वाजवली असती."

"मी बसतो," मी म्हणालो.

"तू नको. तू झकास म्हणशील."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं. "मग कुणाला आणू?"

"समोरच्याला बोलाव."

मी रस्ता ओलांडला. समोरचा एका गिऱ्हाइकाचे केस कापत होता. मी निरोप सांगितला तेव्हा त्यानं ते डोकं पुरं केलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि दुकानाला कडी घालून माझ्याबरोबर आला. वाटेत त्यानं मानेवरच्या केसांतून हात फिरवला. "सात महिने झाले," तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला डोकं दिलं नाही." मी त्या केसांना खूळ म्हटलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

तो दादाच्या खुर्चीत बसला. दादानं अंगावर कापड टाकलं, ते एका बाजूनं घसरलं, त्यानं खुर्ची फिरवून दुसरी बाजू नीट केली.

"हे काय जंगल माजवलंयस?" दादा म्हणाला.

"माळी आजारी होता."

उजव्या कानापासून सुरुवात झाली. मानेपर्यंत आल्यावर कात्री थांबली. दादानं खुर्ची फिरवली. समोरच्याची आरशाकडे पाठ झाली. आता दोघं समोरासमोर होते, जवळजवळ नाकाला नाक. आपल्या डोक्याचं काय होतंय हे त्या माणसाला दिसायची सोय उरली नव्हती. त्यानं डोळे मिटून घेतले आणि दादा कापत राहिला. दोघंही तोंडाळ, पण त्या अर्ध्या तासात कुणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी खुर्ची पुन्हा आरशाकडे आली. दादानं मान झाडली, कंगवा खाली ठेवला. दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या. समोरचा काही बोलणार इतक्यात दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

मग तो माझ्याकडे वळला. मी त्याच्या डावीकडे, बाकाशी उभा होतो. मी दिसेपर्यंत त्यानं मान वळवत आणली.

"बघ रे," तो म्हणाला, "काही राहिलंय का?"

मी जवळ गेलो. आयुष्यात कुठलं डोकं इतकं निरखून पाहिलं नसेल. डाव्या कानाच्या मागे, पार खाली, चार केसांची एक बट तशीच होती. कुणाच्याही लक्षात आली नसती. आरशात समोरच्याचे डोळे माझ्यावर होते. दादा दमला होता. झकास म्हणणं किती सोपं होतं.

"राहिलंय," मी म्हणालो. "डाव्या कानामागं. थोडंसं."

दादानं मान हलवली, कात्री उचलली आणि खुर्ची फिरवली.