करवंटीभर पाणी

जव्हार संस्थानात मी कारकून होतो, आणि आमचा पाणक्या मोखाड्याकडच्या पाड्यातला. नदीच्या वाळूत झिरा उकरून तो पाणी आणायचा, पण त्यात घागर कधी बुडवायचा नाही. कमरेची करवंटी काढून एकेक करवंटी भरायची आणि पुन्हा पाझरेपर्यंत टक लावून बसायचं. मी रोज खेकसायचो. तो म्हणायचा, "येल पानी, रावसाहेब. त्याला घाई नाय."

एका हिवाळ्यात दरबारच्या पाहुण्यांनी हौसेने शिडाचं जहाज ठरवलं, नारळीच्या बेटांतून महिनाभर हिंडायला. दिमतीला आम्ही दोघं. एका ओसाड बेटापाशी वारा पडला, आणि पिण्याची पिपं गळून रिकामी झालेली सापडली. जहाजाच्या तांडेलाच्या माणसांनी किनाऱ्यालगत पुरुषभर खड्डा खणला. पाणी खारट निघालं. पाहुण्यांचे चेहरे उतरले.

पाणक्या बेटाच्या मधोमध, हिरव्या झुडपांपाशी गेला. गुडघाभर वाळू उकरली आणि पाणी दिसताच थांबला. तांडेल बादली घेऊन धावला, तसा हा आडवा आला.

"बादली नाय. खाली खारं असंल, ढवळलं का बिघडंल."

पहिली करवंटी त्याने चाखली, दुसरी मला दिली. गोड पाणी!

दोन दिवस आम्ही करवंटी-करवंटीने पिपं भरली. पाहुणे, खलाशी, मी, सगळे रांगेत. कुणी घाई केली नाही.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला, शिडं फुगली. खलाशांनी त्याला खांद्यावर घेऊन आरोळ्या ठोकल्या. तो हातातली भरली करवंटी सांभाळत वरून ओरडत होता, "अरं, हळू! पानी सांडंल!"