दर्यापूरच्या पावसावर दोन नावं

बडनेऱ्याच्या फलाटावर बाबांनी माझी बॅग डब्यात ठेवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. "भेव वाटते काय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. वाटत होतं. हॅम्बुर्गमध्ये माझ्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. गाडी हलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिकडं खोटं काही लिवू नको."

बाबा दर्यापूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. घरामागे त्यांनी पर्जन्यमापक बसवलं होतं. रोज सकाळी साडेआठला साठलेलं पाणी मोजून आकडा वहीत लिहायचे. मी इथं ज्या संस्थेत लागले, तिथं जगभरच्या अशाच नोंदी सगळ्यांसाठी खुल्या करतात. नोंदींच्या प्रत्येक संचाला, म्हणजे डेटासेटला, कायमचा क्रमांक मिळतो, आणि संशोधक आपल्या लेखात त्याचा संदर्भ देतात. एकदा प्रसिद्ध केलं की ते पुसता येत नाही.

बाबा वारल्यावर मी त्यांच्या वह्या स्कॅन करून इकडे आणल्या. कौतुकानं सगळ्यांना दाखवल्या. मग एक एक पान टाइप करताना एका पावसाळ्यापाशी थांबले. त्या दिवसांत बाबा अकोल्याला दवाखान्यात होते. मी शाळकरी पोर, त्यांच्या उशाशी बसून असायचे. वहीत मात्र एकही दिवस रिकामा नव्हता, आणि अक्षर त्यांचंच.

बाबांनी आकडे मनानं भरले होते? हे असंच गेलं तर कुणीतरी कुठंतरी त्यावरून वऱ्हाडच्या पावसाचा हिशेब मांडणार. ती पानं गुपचूप गाळली तर खोटं माझं. आठवडाभर मी फाइल उघडायची आणि बंद करायची. शेवटी आईला फोन केला.

"ते आकडे माहे हायेत," आई म्हणाली. "तुमी अकोल्याले होते, तवा मीच मोजत होती. कॅलेंडरच्या मागं लिवलं. घरी आल्यावर त्याईनं वहीत उतरवलं."

"मग कधी सांगितलं नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही. काहून, चुकलं काय?"

कॅलेंडरची ती पानं तिनं पेटीत जपली होती. फोटो काढून पाठवले. मी एकेक दिवस ताडून पाहिला. सगळे जुळले, एक सोडून. कॅलेंडरवर आईनं लिहिलं होतं, 'पाणी सांडलं. मोजलं नाही.' वहीत त्या तारखेला आकडा होता. तो बाबांनी भरला होता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याईचं नाव खराब होईन काय वं?"

मलाही तेच भेव होतं. तरी तो दिवस मी रिकामा सोडला, खाली दोन ओळींत कारण लिहिलं, आणि नोंदी घेणारे म्हणून बाबांच्या नावाशेजारी आईचं नाव घातलं. मग प्रसिद्ध करायचं बटण दाबलं.

काही महिन्यांनी एका विद्यार्थिनीच्या लेखात पहिला संदर्भ आला. दोन्ही नावं होती. मी आईला वाचून दाखवलं.

"सांडल्याचंबी लिवलं हाय काय तिथं?"

"हो."

"बरं केलं," ती म्हणाली.

तुम्ही जे तिकडे राहिलात, आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला ठाऊक असेल, भेव जात नाही, नुसती जागा बदलते. तेव्हा ते परक्या शहराचं होतं. आता हॅम्बुर्गच्या मेट्रो नि बर्फाचं काही वाटत नाही. आता ते दर्यापूरच्या घरात एकट्या राहणाऱ्या आईचं आहे. ती इकडे यायला तयार नाही. रोज सकाळी पाऊस मोजते आणि मला फोनवर आकडा पाठवते. उन्हाळ्यात, आभाळात ढग नसतानाही, न चुकता शून्य पाठवते. माझ्यासाठी घर म्हणजे आता तेवढंच. ते शून्य दिसेपर्यंत मी अंथरुणातून उठत नाही.